मी धरून ठेवलेलं चाक

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, गॅरेजमध्ये माझ्याबरोबर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांना तर नाहीच. सांगायची वेळ बऱ्याचदा आली — येऊन गेली. दर वेळी मी विषय बदलला. विषय बदलण्यात माझा हातखंडा आहे, हे थोड्या वेळात तुमच्याही लक्षात येईल, कारण आताही मी सरळ मुद्द्यावर येणार नाही. थोडं सांभाळून घ्या. नाही — सांभाळून घेऊ नका. नुसतं ऐका.

हडपसरला माझं गॅरेज होतं, डिझेल इंजिनांचं. ट्रॅक्टर जास्त यायचे. राहायला मी कोथरूडला, म्हणजे रोज अख्खं शहर आडवं ओलांडून कामाला जायचो. लोक विचारायचे, कोथरूडचा माणूस ट्रॅक्टर कशाला दुरुस्त करतो? मी म्हणायचो, कोथरूडमध्ये ट्रॅक्टर नाहीत म्हणून. त्याआधी डिप्लोमा करून मी काही वर्षं एका इंजिनाच्या कारखान्यात, चाचणी विभागात काढली होती. तिथे साहेबांशी पटलं नाही. पटलं नाही म्हणजे काय, तर माझं बरोबर असायचं आणि ते ऐकायचे नाहीत. निदान मी सगळ्यांना तसं सांगायचो. आपलंही चुकत असेल, हा विचार मला तेव्हा फारसा शिवत नसे.

गॅरेजच्या दारावर मी पाटी लावली होती: 'येथे काम नीट होते. लवकर हवे असल्यास शेजारी जावे.' तिच्याखाली दुसरी: 'सल्ला आमचा आणि काम दुसरीकडे, असे असल्यास चहा स्वतःचा आणावा.' लोक हसायचे, फोटो काढायचे. मला त्या पाट्यांचा अभिमान होता. तिसरी पाटी म्हणजे खरं तर एक स्टिकर होता, तो मी छापून घेतला होता आणि टर्बो बसवलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरवर, चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चिकटवायचो: 'इंजिन बंद करण्यापूर्वी दोन मिनिटे स्लोवर चालवावे. न चालवल्यास जबाबदारी चालवणाऱ्याची.' त्या शेवटच्या वाक्यावर मी फार खूश होतो. का, ते पुढे येईलच.

टर्बो म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही — आणि कबूल करतो, तेवढाच मुद्दा आणखी लांबतो. इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक छोटं चाक फिरवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरतं. दोन चाकं, एक दांडा. एक फिरलं की दुसरं फिरतंच आणि एक अडलं की दुसरं अडतंच. एवढं लक्षात ठेवा.

हवा भरपूर मिळाली की डिझेल पूर्ण जळतं, काळा धूर जातो, चढावर इंजिनाला धाप लागत नाही. साध्या इंजिनाला मागाहून टर्बो बसवला तर ते टिकेल का, असं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं. माझं उत्तर ठरलेलं होतं. हवा वाढवा, डिझेल वाढवू नका. तेल वेळेआधी बदला. बंद करण्याआधी इंजिन थोडं स्लोवर, म्हणजे गाडी उभी करून अगदी कमी वेगात, चालू द्या, म्हणजे टर्बोच्या दांड्याभोवतीचं तेल जळत नाही. एवढं पाळलंत तर तुमचा नातूही हाच ट्रॅक्टर चालवेल. पण जास्तीची ताकद हवी म्हणून पंपातून डिझेल वाढवलंत, तर उष्णता वाढते. कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेल्या इंजिनात पिस्टन दणकट असतात, त्यांना खालून तेलाचा फवारा मारून थंड ठेवायची सोय असते. साध्या इंजिनात ती नसते. मग पिस्टन एक दिवस वितळतो. लगेच नाही — हीच तर गोम आहे. सुरुवातीचे कित्येक महिने इंजिन नुसतं पळतं आणि सगळे तुमचं कौतुक करतात.

हे सगळं मला पाठ होतं. मीच तर लोकांना शिकवायचो.

आता अण्णा आणि सोपान. हे दोघे भाऊ. त्यांचं गाव हडपसरच्या पलीकडचं, महापालिकेत आलं आणि बघता बघता शेतात टॉवर उभे राहिले. शेत गेलं, ट्रॅक्टर राहिला. अण्णा हातावर हात धरून बसणारे नव्हते. त्यांनी ट्रॅक्टरच्या मागे पाण्याची टाकी जोडली आणि ज्या नव्या सोसायट्यांना नळाचं पाणी पुरत नव्हतं, त्यांना पाणी पोचवायला सुरुवात केली. म्हणजे जिथे हे दोघे कांदा लावायचे, तिथल्याच पाचव्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये आता यांच्या टाकीचं पाणी जायचं. अण्णा हसून म्हणायचे, "अजून आमचंच रान भिजवतोय की!" अण्णा दिलदार होते, पण जिभेला धार होती. चारचौघांत कोणाची फिरकी घेतली नाही तर त्यांना चहा गोड लागायचा नाही.

ट्रॅक्टर चालवायचा तो सोपान. अण्णांपेक्षा बराच लहान. आईवडील लवकर गेले, अण्णांनी आणि वहिनींनीच त्याला वाढवला, लग्न लावून दिलं. सोपान बोलायचा कमी. पाय क्लचला पोचायला लागले तेव्हापासून तो ट्रॅक्टरवर होता. सकाळी सुरू करण्याआधी ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारायचा, बॉनेट पुसायचा, मग चावी लावायचा. काही सांगितलं की दोनदा विचारून खात्री करून घ्यायचा. मला त्याचा कंटाळा यायचा. एवढं नीट ऐकणारं गिऱ्हाईक मला दुसरं मिळालं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

एक सोसायटी टेकाडावर होती. भरलेली टाकी घेऊन तिथे चढताना ट्रॅक्टर रडकुंडीला यायचा आणि मागून काळा धूर. लोक गॅलरीतून ओरडायचे. म्हणून अण्णा टर्बो बसवायला माझ्याकडे आले. मी त्यांना माझं ते पाठ केलेलं सगळं सांगितलं. डिझेल वाढवणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मी टर्बो बसवला — सुरेख बसवला, ते काम आजही मी पुन्हा तसंच करीन. स्टिकर सोपानने स्वतः चिकटवला, वाकडा होऊ नये म्हणून आधी पेन्सिलीने रेघ मारून.

पहिल्या खेपेला अण्णांनी चहाच्या टपरीवरची सगळी जाणकार मंडळी बरोबर आणली. ट्रॅक्टर टाकी घेऊन चढला. धूर नाही, धाप नाही. जसं व्हायला हवं होतं अगदी तसं. मी खाली उभा राहून शाबासकीची वाट बघत होतो. आणि अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "धूर गेला, ब्येस झालं. पण चाल तीच हाय की, इंजिनियर! बैलाला नुसती झूल घातलीत म्हना." मंडळी हसली. मीही हसलो. सोपान तेवढा हसला नाही, तो इंजिन स्लोवर ठेवून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसला होता.

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? एवढंच ना, की अण्णा, चाल तीच राहणार, तसंच आपलं ठरलं होतं? एक वाक्य होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "उद्या सकाळी आणा, थोडं काम राहिलंय."

सकाळी सोपान ट्रॅक्टर घेऊन आला. मी त्याला चहा सांगायला पाठवला. तो गेल्यावर डिझेलच्या पंपाचं सील तोडलं आणि डिझेल वाढवायचा स्क्रू फिरवला. थोडासा. मग आणखी थोडा — कारण थोडासा फिरवून अण्णांना फरक जाणवला नसता. सीलला नवी तार लावली. सोपान चहा घेऊन आला, त्याने विचारलं काय केलं, मी सांगितलं हवेचा पाइप घट्ट केला. त्याने पुन्हा विचारलं, पाइपच होता ना? मी हो म्हटलं.

त्या दिवशी ट्रॅक्टर टेकाडावर असा चढला की टपरीवरची मंडळी बघत राहिली. अण्णांनी मला मिठी मारली. खंडेनवमीला त्यांनी ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली आणि दुसरी माळ आणून माझ्या गळ्यात घातली. माझ्या हत्यारांची पूजा त्या वर्षी त्यांनीच केली, हळदकुंकू वाहिलं, तो स्क्रूड्रायव्हरही त्यात होता. मला खूप आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू — त्या वेळी अपराधी वगैरे काही वाटलं नाही. वाटलं की आपण पुस्तकातलं फार मनावर घेत होतो, इंजिन तर मजेत आहे.

अजून मुद्दा यायचा आहे. तुम्हाला वाटलं असेल, स्क्रू फिरवला हीच ती गोष्ट. ती असती तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. कामात माणूस चुकतो, फुशारकी मारतो. तेवढ्यासाठी इतकी वर्षं गप्प राहावं लागत नाही.

उन्हाळा लागला आणि खेपा वाढल्या. एका दुपारी सोपान एकटाच आला. म्हणाला, "साहेब, चढाला लागलं की टर्बोपाशी पाइप लालबुंद हुतो. वासबी येगळा येतो. बघता का जरा?" मी दुसऱ्या इंजिनात डोकं घालून बसलो होतो. डोकं बाहेरही काढलं नाही. टर्बो आहे, लाल होतोच, असं म्हणालो.  त्याने सवयीप्रमाणे पुन्हा विचारलं, "म्हंजे काळजीचं न्हाय ना?" मी म्हटलं, नाही.

काळजीचं होतं. ऐकताक्षणीच मला कळलं होतं. स्क्रू मागे फिरवायला किती वेळ लागला असता? चहा येईपर्यंत फिरवला होता, चहा येईपर्यंत मागे घेतला असता. पण मग ट्रॅक्टरची चाल पुन्हा पहिल्यासारखी झाली असती, अण्णांच्या ते लगेच ध्यानात आलं असतं आणि टपरीवर पुन्हा तो बैल आणि ती झूल निघाली असती. मला त्या हसण्याची भीती वाटली. एवढ्या मोठ्या माणसाला, एवढ्याशा हसण्याची. मला याची लाज वाटते — पुढच्या गोष्टीइतकी नाही, पण वाटते.

मग एके दिवशी टेकाडाच्या ऐन चढावर इंजिनात दणका बसला आणि ते गेलं. टाकी भरलेली. मागे शाळेची व्हॅन होती. सोपानने ब्रेकवर उभं राहून ट्रॅक्टर तिथल्या तिथे धरला, घसरू दिला नाही. लोकांनी चाकांखाली दगड लावेपर्यंत तो तसाच उभा होता.  त्याबद्दल त्याला कोणी काही बोललं नाही. बोलायला वेळच मिळाला नाही, कारण दुसऱ्या दिवशी मी बोललो.

ट्रॅक्टर ओढत माझ्याकडे आणला. सकाळी मी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं. मधला पिस्टन एका कडेने वितळला होता, मधोमध भोक. जास्तीच्या डिझेलने जळालेला पिस्टन असाच दिसतो, मी कारखान्यात असे कितीतरी पाहिले होते. तरी टर्बो सोडवून हातात घेतला. बोटाने चाकाला टिचकी मारली. ते फिरलं. अगदी मुलायम, आवाज न करता फिरत राहिलं. दांड्यावर डाग नाही, तेल स्वच्छ. सोपानने तो टर्बो जपला होता. माझ्या स्टिकरवरचं अक्षर न् अक्षर पाळलं होतं.

अण्णा दुपारनंतर येणार होते. म्हणजे मला वेळ होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते घाबरून, ऐन वेळी तोंडातून निसटलेलं नव्हतं. मी आधी पंपाचा स्क्रू जागेवर आणला. नवी तार लावली. जेवलो. हात धुऊन विचार केला. एक-दोनदा करूनही बघितलं — टर्बो कसा धरायचा, कुठल्या हातात.

अण्णा आले, बरोबर सोपान, टपरीवरचे दोघंतिघं. माझी माणसंही आजूबाजूला. अण्णांनी विचारलं, काय झालं? मी टर्बो डाव्या हातात घेतला, छातीशी, हवेचं चाक त्यांच्याकडे करून. धुराचं चाक माझ्या बाजूला होतं, त्याच्या तोंडातून मी अंगठा आत घातला होता आणि पात्यावर दाबून धरला होता. दोन चाकं, एक दांडा.

"फिरवून बघा," मी म्हटलं.

अण्णांनी बोट लावलं. चाक हललं नाही. "फिरंना," ते म्हणाले.

फिरणार कसं, मी म्हणालो. आत तेल जळून दांडा धरलाय. गरम इंजिन तसंच बंद केलं की हे होतं. टर्बो अडकला, हवा मिळेनाशी झाली, पिस्टन जळाला. मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि स्टिकरकडे बोट दाखवलं.

सगळे सोपानकडे बघायला लागले. तो म्हणाला, "मी रोज चालू ठेवायचो, अण्णा. रोज." ते खरं आहे, हे त्या जमावात त्याच्याखेरीज एकाच माणसाला माहीत होतं. आणि त्या माणसाने त्याला विचारलं, "रोज? एकदाही चुकलं नाही?"

मला माहीत होतं तो खोटं बोलणार नाही. त्याच्या भोळेपणाचा मी हिशेब केला होता. तो खाली बघून आठवायला लागला — खरोखर आठवायला लागला — आणि म्हणाला, "एकदा. त्या वरच्या सोसायटीत. एक बाई खाली आल्या, म्हनल्या बाळ आत्ता झोपलंय, बंद करा. तवा केलं बंद. येकदाच, साहेब."

एकदा बंद केल्याने काही होत नाही. एकदाच काय, दहादा केल्यानेही लगेच होत नाही. मी हे बोललो नाही. मी नुसता उसासा सोडला. तो उसासासुद्धा मी ठरवून सोडला होता.

अण्णा सोपानला म्हणाले, "घे. तुझ्या हातानं फिरवून बघ."

आता आलो मी मुद्द्यावर. हीच ती गोष्ट.

सोपान पुढे आला. त्याने बोट शर्टाला पुसलं आणि चाकावर ठेवलं. हळूच दाबलं, त्याला काही दुखेल अशा बेताने. मग थोडं जोरात. मी अंगठा काढू शकलो असतो. मला काही बोलावंसुद्धा लागलं नसतं, नुसता अंगठा सैल सोडला असता तरी चाक गरकन फिरलं असतं आणि सगळं सगळ्यांसमोर आपोआप उघडं पडलं असतं. मी अंगठा आणखी घट्ट दाबला. त्याच्या बोटाचा जोर दांड्यातून माझ्या अंगठ्यावर येत होता. तो तिकडून ढकलत होता आणि मी इकडून धरून होतो — आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याचा चेहरा पडला. मघापर्यंत त्याला खात्री होती की आपण चुकलो नाही. ती खात्री गेलेली मी हातभर अंतरावरून पाहिली. त्याने बोट काढलं आणि म्हणाला, "व्हय. धरलाय."

अण्णा त्याच्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दोन मिनिटं दम निघाला न्हाय तुला." आणि हात पुढे केला. सोपानने खिशातून चावी काढून त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी घरी गेलो तर अंगठ्यावर पात्याची खोल खूण होती, थोडं रक्त सुकलं होतं. बायकोने हळद लावली. कशाने कापलं, विचारलं. मी म्हटलं, कामात. आणि विषय बदलला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी पत आणखी वाढलेलीच दिसेल. मी नवा पिस्टन टाकला, टर्बो काढून ट्रॅक्टर पहिल्यासारखा करून दिला, मजुरी घेतली नाही. त्याबद्दल अण्णांनी गावभर माझा मोठेपणा सांगितला. तो 'धरलेला' टर्बो मी दुसऱ्या एका ट्रॅक्टरला बसवला. तो अजून चालतोय, मधूनमधून त्या मालकाचा फोन येतो, तुमचं काम टिकतं बुवा म्हणतो. गॅरेज नीट चाललं. सावकाश, सन्मानाने मी निवृत्त झालो.

सोपानला अण्णांनी पुन्हा ट्रॅक्टरवर बसू दिलं नाही. पगारी ड्रायव्हर ठेवला. भांडण झालं नाही, भिंत घातली गेली नाही, तसलं काही नाही. पण गावात त्याचं नाव 'दोन मिनिट' पडलं. टपरीवर चहा पिऊन तो उठायला लागला की कोणीतरी म्हणायचं, थांब, दोन मिनिटं गार होऊ दे. एकदा मीही तिथे होतो. सगळे हसले तेव्हा मीही हसलो. सोपान कप ठेवून निघून गेला आणि मग टपरीवर यायचाच बंद झाला. ज्याला दुसरं काही येत नव्हतं आणि जे येत होतं ते इतकं चांगलं येत होतं, त्याला मी त्यापासून तोडलं. अण्णांनी काही वर्षांनी ट्रॅक्टर विकला. विकला तेव्हा सोपान बघायलाही आला नाही, असं मला अण्णांनीच सांगितलं. त्याला आमचा रागच आला असणार, असं ते म्हणाले. राग. मला तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघेच होतो. मी त्यांना त्यांच्या गुडघेदुखीबद्दल विचारलं.

आता माझी मुलगी हडपसरला राहते, एका मोठ्या सोसायटीत. मी दर रविवारी जातो. तिथल्या फाटकावर निळ्या गणवेशात सोपान असतो. पहिल्यांदा मी त्याला पाहिलं तेव्हा गाडी मागे घेऊन परत जावंसं वाटलं होतं. पण त्याने मला ओळखलं, पुढे येऊन नमस्कार केला, घरचं विचारलं. त्याचे केस पांढरे झालेत. तो अजूनही मला साहेब म्हणतो. आता सवय झाली आहे. माणसाला कशाचीही सवय होते, मी त्याचा नमस्कार घेतो आणि आत जातो.

माझी गाडी डिझेलची आहे, टर्बोवाली. हल्लीच्या गाड्यांना त्याची तेवढी गरज नसते, पण जुन्या सवयीने मी ती बंद करण्याआधी थोडा वेळ चालू ठेवतो. गेल्या महिन्यात एका रविवारी पाहुण्यांची जागा भरलेली होती, म्हणून सोपानने मला फाटकाशीच गाडी लावायला सांगितलं. मी लावली आणि इंजिन चालू ठेवून बसलो. तेवढ्यात आतून एक तरुण मुलगा आला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कानात हेडफोन. मला म्हणाला, "अंकल, प्लीज इंजिन ऑफ करा ना. पोल्यूशन होतं."

मी काही म्हणण्याआधी सोपान मध्ये आला. एरवी तो रहिवाशांशी मान खाली घालूनच बोलतो. पण त्या दिवशी त्याने त्या मुलाला नीट समजावून सांगितलं.

"राहू द्या, सर. टर्बो हाय त्यात. लगीच बंद केला तर आत तेल जळतंय, दांडा धरतो. माझ्या हातून गेलाय एक. ह्या साहेबांनी पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं, लिहूनबी दिलं व्हतं. मीच चुकलो. ह्या बोटानं फिरवून बघितला मी, फिरला न्हाय." आणि ते बोट त्याने वर करून दाखवलं. मग माझ्याकडे वळून हसला. "व्हय ना, साहेब?"

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. अंगठा समोरच दिसत होता.

मी मान डोलावली. म्हटलं, हो.

तो मुलगा गेला. सोपान बाजूला उभा राहून घड्याळाकडे बघत राहिला आणि वेळ झाल्यावर त्याने मला हाताने खूण केली, की आता बंद करा. मी बंद केली.